शाळेच्या गॅदरिंगसाठी नवख्या बँडला झेपणारं गाणं कसं निवडायचं

स्नेहसंमेलनाला दोन-अडीच महिने आहेत. सातवी-आठवीची पाच-सहा मुलं गिटार, कीबोर्ड, कहोन (बसून हाताने वाजवायचा खोक्यासारखा ड्रम) घेऊन जमली आहेत आणि पहिल्याच दिवशी वाद सुरू होतो: गाणं कुठलं घ्यायचं? बहुतेक वेळा त्या वर्षी वरातीपासून रिक्षापर्यंत सगळीकडे वाजणारं गाणं ठरतं. डिसेंबर उजाडला की कळतं, गाणारीचा आवाज अंतऱ्यात पोचत नाही, गिटारवाल्याचा हात एफ या अवघड कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांची जुळणी) अडकतो आणि मधला म्युझिक पीस कुणालाच येत नाही. मुलांनी मेहनत कमी घेतलेली नसते. गाणंच त्यांच्या मापाचं नसतं.

माप घ्यायचं ते बँडमधल्या सगळ्यात कच्च्या हाताचं. चांगलं वाजवणारा मुलगा सोप्या गाण्यातही चार जागा स्वतःहून भरतो. कच्च्या मुलाला अवघड गाणं दिलं की तो मध्येच थांबतो, आणि एक थांबला की बाकीचे त्याच्याकडे बघायला लागतात. तिथेच लय जाते.

आधी मुलं, मग गाणं

पहिल्या तालमीला गाणं काढूच नका. एका कागदावर प्रत्येकाचं नाव, वाद्य आणि आज त्याला नेमकं काय येतं ते लिहा. 'गिटार शिकतो' एवढ्याने काही कळत नाही. कुठल्या कॉर्ड स्वच्छ वाजतात आणि एकीवरून दुसरीवर हात किती लवकर जातो, ते हवं.

गिटारची परीक्षा एका मिनिटाची आहे. फोनवर वेळ लावा आणि जी ते सी, सी ते जी असा हात बदलायला सांगा. तार दबली नाही किंवा खरखरली तर तो बदल मोजू नका. आता हिशेब बघा. ९० च्या लयीत, म्हणजे मिनिटाला ९० ठोके, चार ठोक्यांचा एक बार धरला तर मिनिटाला साडेबावीस बार होतात. प्रत्येक बारला एक कॉर्ड असेल तर मिनिटाला जवळपास २३ बदल. ज्याचे ३० स्वच्छ बदल होतात त्याला हे गाणं निवांत जमेल. तेच गाणं १२० च्या लयीत नेलं की ३० बदल लागतात, म्हणजे श्वास घ्यायलाही जागा उरत नाही. आणि ९० च्या लयीत एका बारात दोन कॉर्ड असतील तर ४५ बदल होतात. ते या वर्षी नको, पुढच्या वर्षी बघू.

कीबोर्डवाल्या मुलांना क्लासमध्ये बहुधा उजव्या हाताने चाल वाजवायला शिकवलेलं असतं. कॉर्ड तीन बोटांनी धरता येतात का, ते वेगळं विचारा. येत नसतील तरी बिघडत नाही, आठ तालमींत चार कॉर्ड बसतात.

कहोन किंवा ड्रम वाजवणाऱ्याला मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत टिकटिक करणारं ॲप) लावून ८५ च्या लयीत एकच साधा ठेका दोन मिनिटं न बदलता वाजवायला सांगा. मग दर चार बारनंतर एक छोटी भरणी (ठेक्याच्या मधली सजावट) घेऊन पुन्हा 'एक'वर यायला सांगा. बहुतेक मुलं भरणी छान घेतात आणि 'एक' अर्धा ठोका आधी गाठतात. असं होत असेल तर अख्ख्या गाण्यात भरणी फक्त दोनदाच, हे आत्ताच ठरवून टाका.

शाळेच्या संगीताच्या खोलीत पेटी, तबला, ढोलकी पडून असते आणि ती वाजवणारी मुलं बँडच्या यादीत नसतात. त्यांना बोलवा. जिच्या हातात केरवा आणि दादरा हे ताल पक्के आहेत अशी ढोलकीवाली मुलगी, आठवड्यापूर्वी ड्रमसेटवर बसलेल्या मुलापेक्षा बँडला कितीतरी जास्त सांभाळते.

गाणाऱ्याची पट्टी

यावर घाई करू नका. नवख्या बँडचं गाणं फसतं ते सगळ्यात जास्त वेळा इथेच.

गाणाऱ्या मुलाला कीबोर्डजवळ उभं करा. ट्रान्सपोज (सगळे सूर वर-खाली सरकवणारं बटण) शून्यावर आहे ना, ते आधी बघा. मधल्या पांढरी एकपासून (म्हणजे सी; तिथून पांढऱ्या पट्ट्या एक ते सात आणि काळ्या एक ते पाच अशा मोजतात) काळी-पांढरी कुठलीच न सोडता एकेक पट्टी खाली उतरत 'आ' लावायला सांगा. आवाजात हवा मिसळायला लागली, शब्द पुटपुटल्यासारखे झाले की त्याच्या दोन पट्ट्या वर खूण करा. मग तसंच वर चढत जा. मान ताणली, हनुवटी उचलली गेली की दोन पट्ट्या खाली या आणि खूण करा. या दोन खुणांच्या मधला भाग म्हणजे स्टेजवर, घाबरलेल्या अवस्थेतही साथ देणारा आवाज. अकरा ते तेरा वर्षांच्या मुलामुलींचा हा टप्पा बऱ्याचदा मधल्या पांढरी एकच्या खालची पांढरी सहा ते वरची पांढरी एक असा, म्हणजे सप्तक आणि वर दोन-तीन पट्ट्या इतका निघतो.

आता गाण्याचं माप. आपल्याकडच्या गाण्यांत मुखडा मधल्या सप्तकात घोळतो आणि अंतरा तार, म्हणजे वरच्या सप्तकाकडे झेप घेतो. म्हणून मुखडा गाऊन बघून गाणं ठरवणं ही हमखास चूक आहे. गाण्यातला सगळ्यात खालचा शब्द आणि सगळ्यात वरचा शब्द शोधा, दोन्ही सूर पेटीवर वाजवा आणि एकावरून दुसऱ्यावर जायला काळ्या-पांढऱ्या मिळून किती पट्ट्या चढाव्या लागतात ते मोजा. मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या पंचमापासून तार गंधारापर्यंत जाणारं गाणं २१ पट्ट्यांचं होतं. ते कुठल्याही पट्टीत नेलं तरी या मुलांच्या आवाजात मावणार नाही. ते सोडा. १२-१३ पट्ट्यांचं गाणं घ्या.

उदाहरण घेऊ. गाणं मधल्या सा पासून तार सा पर्यंत जातं आणि गाणारीचा टप्पा वर सांगितला तसाच आहे. मग सा धरायला खालची पांढरी सहा, काळी पाच, पांढरी सात किंवा पांढरी एक एवढ्याच जागा उरतात. पांढरी सहा घेतली तर गिटारवर ए, डी, ई या कॉर्ड येतात. त्या उघड्या तारांच्या आणि नवख्या हाताला सोप्या आहेत. तेच गाणं मंद्र प ते मधला प असं चालत असेल तर सा पांढरी दोन ते पांढरी चारच्या दरम्यान बसतो. पांढरी दोन घ्या, गिटारला डी, जी, ए मिळतील.

आठवी-नववीच्या मुलांचा आवाज फुटायला लागलेला असतो. ऑक्टोबरात काढलेली त्यांची पट्टी जानेवारीत लागू पडेलच असं नाही. अशा मुलाला एकट्याच्या ओळी देऊ नका, दोघा-तिघांत गाऊ द्या, आणि कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधी पट्टी पुन्हा तपासा.

'काळी चार' म्हटल्यावर गिटारवाल्याने काय करायचं

संगीताच्या बाई पेटीवर बसून 'काळी चार' म्हणतात आणि गिटारवाल्याचा चेहरा पडतो, कारण त्या पट्टीत त्याला सगळ्या कॉर्ड बॅरे धरून, म्हणजे एका बोटाने तारा आडव्या दाबून, वाजवाव्या लागतात. कॅपो, म्हणजे गिटारच्या मानेवर सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, दोन-तीनशे रुपयांना मिळतो. तो लावला की सोपे शेप, म्हणजे बोटांची ठेवण, तसेच राहतात आणि पट्टी बदलते. खाली कॅपोपुढचा आकडा म्हणजे तो कितव्या पडद्यावर लावायचा ते.

काळी एक: कॅपो १ वर, सीचे शेप, एफ जमत नसेल तर कॅपो ४ वर, एचे शेप.
पांढरी एक: कॅपो ३ वर, एचे शेप. यात एफचा त्रासच नाही.
काळी दोन: कॅपो १ वर, डीचे शेप.
पांढरी तीन: कॅपो २ वर, डीचे शेप.
पांढरी चार: कॅपो ३ वर, डीचे शेप.
काळी तीन: कॅपो ४ वर, डीचे शेप.
काळी चार: कॅपो १ वर, जीचे शेप.
काळी पाच: कॅपो १ वर एचे, नाहीतर कॅपो ३ वर जीचे शेप.
पांढरी सात: कॅपो २ वर, एचे शेप.

पांढरी दोन, पाच आणि सहा या पट्ट्या कॅपोशिवायच सोप्या आहेत. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. गाण्यात सा, म, प या तीन मेजर कॉर्डबरोबर धैवतावरची मायनर कॉर्डही असेल, तर डीच्या शेपमध्ये बी मायनर आणि एच्या शेपमध्ये एफ शार्प मायनर येते. दोन्ही बॅरेच्या आहेत. अशा गाण्याला जीचे शेप घ्या, तिथे ती ई मायनर होते आणि दोन बोटांत धरता येते.

कॅपो लावल्यावर तारा किंचित चढतात. म्हणून कॅपो लावल्यानंतरच ट्यूनरवर पुन्हा मिळवायचं, आधी मिळवलेलं चालत नाही. बेस गिटार असेल तर तिला कॅपो नसतो, त्या मुलाला खऱ्या पट्टीचे सूरच लिहून द्यावे लागतात. तबला असेल तर तो त्या पट्टीच्या सा, म किंवा प यांपैकी कशाला लावता येतो, ते पट्टी पक्की करण्याआधी बघा.

पेटी जुनी असेल तर तिचे सूर थोडे उतरलेले किंवा चढलेले असतात, आणि पेटी काही तिथल्या तिथे मिळवता येत नाही. पहिल्या तालमीलाच पेटीचा मधला पांढरी सहा ट्यूनर ॲपवर वाजवून बघा. ४४० ऐवजी ४४४ दिसला तर ॲपमधला आधारसूर ४४४ करून गिटार त्यावर मिळवा आणि कीबोर्डच्या ट्यूनिंगमध्येही तोच आकडा भरा. हे केलं नाही तर प्रत्येक वाद्य एकेकटं सुरात असतं आणि एकत्र वाजलं की कानाला टोचतं. मुलं मग महिनाभर गाणारीला दोष देत राहतात.

ताल, लय आणि गाणं उचलण्याची जागा

गाणं लावा आणि टाळ्या वाजवत मोजा. चार-चार किंवा आठ-आठ मात्रांनी ठेका पुन्हा पहिल्यावर येत असेल तर केरवा किंवा भजनी ठेका. तीन-तीन किंवा सहा-सहा येत असेल तर दादरा. दोन्ही चालतात, पण बँडमधल्या प्रत्येकाने तेच मोजलं पाहिजे. गिटार शिकणाऱ्या मुलांना बहुधा चार ठोक्यांचं एकच स्ट्रमिंग येतं. ते दादऱ्यावर लादलं की दुसऱ्याच ओळीत सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकते, आणि चूक कुणाची हे कुणालाच कळत नाही. दादऱ्याच्या गाण्यात पहिले दोन आठवडे गिटारने फक्त पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर खालचा स्ट्रोक द्यायचा, कहोनने पहिल्या मात्रेवर घुमारा आणि चौथ्या मात्रेवर कडेची थाप. एवढ्यातसुद्धा गाणं डुलायला लागतं. रूपकातली सात मात्रांची आणि झपतालातली दहा मात्रांची गाणी या टप्प्यावर बाजूला ठेवा.

लय ८० ते १०० च्या मध्ये असलेलं गाणं शोधा. हळू गाणं सोपं, असा समज आहे आणि तो बरोबर नाही. ६० च्या लयीत दोन ठोक्यांमधली रिकामी जागा मुलांना सहन होत नाही, ती पुढे धावतात. १२०च्या वरचं नाचाचं गाणं ९५ वर आणलं तर वाजवता येतं, पण त्यातला जीव जातो. त्यापेक्षा मुळातच ९५ चं असलेलं गाणं घ्या.

यानंतरची तपासणी फार कमी जण करतात: पहिला शब्द समेवर पडतो की त्याच्या आधी? आपल्या कितीतरी गाण्यांचा मुखडा समेच्या दीड-दोन मात्रा आधी उचलला जातो. ऐकताना ते इतकं सवयीचं असतं की लक्षातही येत नाही. तालमीत मात्र गाणारी 'एक'वर सुरू करते, ढोलकी तिच्या पहिल्या शब्दालाच सम समजते आणि दोघी शेवटपर्यंत दोन मात्रांच्या अंतराने चालत राहतात. तपासायला सोपं आहे. मूळ गाणं लावा, समेवर पाय आपटा आणि तोंडाने पहिली ओळ म्हणा. पाय पडताना ओळीतलं कुठलं अक्षर तोंडात आहे ते लिहून घ्या. ते पहिलंच अक्षर असेल तर उत्तम. नसेल तर गाणं लगेच टाकून देऊ नका, पण पहिल्या तालमीपासून सगळ्यांनी मिळून 'एक, दोन' असं मोठ्याने मोजून नेमक्या जागेवर उचलायची सवय लावा.

कुठली गाणी सोपी पडतात, कुठली फसवतात

शाळेत सगळ्यांना पाठ असलेली प्रार्थना किंवा समूहगीत पहिल्या बँडसाठी सोन्यासारखं असतं. टप्पा लहान, शब्द पाठ, चाल सगळ्यांच्या कानात. दोन ओळी झाल्या की समोरची मुलं गायला लागतात आणि स्टेजवरच्यांची धडधड कमी होते. रोजचीच प्रार्थना कहोन आणि गिटारवर ऐकली की ती नव्याने ऐकू येते, म्हणून 'यात काय नवीन' हा आक्षेप मनावर घेऊ नका.

अभंगही फार चांगला पडतो. भजनी ठेका आठ मात्रांचा, ओळी लहान, ध्रुवपद परत परत येतं, एकाने म्हटलं की बाकीच्यांनी मागून घ्यायचं. चाल भूप रागासारख्या पाच सुरांची असेल तर सी, ए मायनर आणि जी एवढ्या तीन कॉर्डवर ती आरामात बसते. फक्त टाळ एकाच्याच हातात द्या. सहा टाळ वाजले की गाणारीचं काही ऐकू येत नाही.

तिसरा मार्ग कमी शाळा घेतात, पण आम्हाला तो सगळ्यात आवडतो. एखादी कविता घ्या आणि मुलांनाच चाल लावू द्या. चाल त्यांच्याच आवाजात तयार होते, म्हणून पट्टीचा प्रश्नच येत नाही. कॉर्ड त्यांना येतात त्याच पडतात, आणि मूळ गाण्याशी कुणी तुलना करत नाही. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी आपल्याकडे कॉपीराइट संपतो. संतांचे अभंग, सावित्रीबाई फुले, केशवसुत, बालकवी यांच्या कविता त्यामुळे कुणालाही घेता येतात. बहिणाबाई चौधरींच्या कविता त्यांच्या मागे १९५२ साली पुस्तकरूपाने आल्या, त्याही आता मोकळ्या आहेत. मात्र या कवितांना पुढे कुणी लावलेल्या प्रसिद्ध चालींचे हक्क वेगळे असतात. शब्द मोकळे म्हणून चालही मोकळी असं समजू नका.

सिनेमातलं गाणं घ्यायचंच असेल तर एक कसोटी लावा. एकटी गिटार किंवा एकटी पेटी घेऊन ते गाऊन बघा. गाणं उभं राहिलं तर घ्या. ज्या गाण्याची मजा पन्नास ढोल-ताशांत, यंत्राने बदललेल्या आवाजात किंवा व्हायोलिनच्या ताफ्यात आहे, ते पाच मुलांच्या हातात पोकळ वाटतं. नाट्यगीतं आणि हरकती-मुरक्यांची भावगीतं ऐकायला कितीही गोड असली तरी ती गायकाची आहेत, बँडची नाहीत. एका कॉर्डवर गळा चार जागा फिरतो, आणि नेटवर मिळणारे कॉर्ड तिथे हमखास चुकीचे असतात.

मेडलीबद्दल स्पष्टच सांगतो: नवख्या बँडने करू नये. पाच गाण्यांचे तुकडे जोडणं म्हणजे चार सांधे, आणि प्रत्येक सांध्याला नवी पट्टी, नवी लय, नवा ठेका. मुलांना गाणी येत असतात, सांधे येत नाहीत. फारच आग्रह असेल तर एकच सांधा, तोही एका पट्टीतल्या आणि एका लयीतल्या दोन गाण्यांचा.

राष्ट्रगीत आणि राज्यगीत बँडच्या 'आयटम'साठी घेऊ नका. राष्ट्रगीत पूर्ण म्हणायला सुमारे ५२ सेकंद लागतात आणि त्याची चाल व लय ठरलेली आहे. 'जय जय महाराष्ट्र माझा' हे १९ फेब्रुवारी २०२३ पासून महाराष्ट्राचं राज्यगीत आहे आणि ते सुरू असताना सावधान उभं राहायचं असतं. कार्यक्रमाच्या सुरुवातीला साध्या पेटीवर म्हणावं, तिथे ड्रमची भरणी नको.

दहातून तीन, तीनातून एक

मुलांकडून दहा गाण्यांची यादी घ्या. त्यांची आवड यादीत असलीच पाहिजे, नाहीतर तालमीला मन लागत नाही. मग घरी बसून पट्ट्यांची मोजणी, कॉर्डची संख्या, बदलांचा वेग, ताल आणि उचलण्याची जागा या चाळणीतून दहाची तीन करा. कॉर्ड चारपेक्षा जास्त नकोत, आणि एक बार भरायच्या आत बदलणारी कॉर्ड गाण्यात दोन-तीन ठिकाणांपेक्षा जास्त नको. नेटवरचा कॉर्डचा कागद तसाच मुलांच्या हातात देऊ नका. कीबोर्डवर डाव्या हाताने मूळ गाण्यातला बेसचा सूर शोधा आणि प्रत्येक कॉर्डचं नाव त्याच्याशी जुळतं का, ते तपासा.

ही तीन गाणी एकाच तालमीत प्रत्येकी पंधरा मिनिटं वाजवून घ्या. फक्त मुखडा आणि अंतऱ्याची सगळ्यात वरची ओळ. कुठलं छान वाजलं ते बघू नका. पंधराव्या मिनिटाला कुठलं पहिल्या मिनिटापेक्षा सुधारलं, ते बघा. ते घ्यायचं.

किती गाणी? आठवड्याला ४५ मिनिटांच्या दोन तालमी आणि हातात आठ आठवडे असतील तर सोळा तालमी होतात. वाद्यं काढणं, मिळवणं यात दहा मिनिटं जातात. म्हणजे खरा वेळ साडेनऊ तासांपेक्षाही थोडा कमी. त्यात एक गाणं चांगलं होतं, दोन बरी होतात. पहिलं गाणं आठ तालमींत उभं राहिलं तरच दुसऱ्याला हात लावा. कार्यक्रमाच्या दोन आठवडे आधी दुसरं गाणं न थांबता सलग वाजत नसेल तर ते काढून टाका, आणि हा नियम मुलांना पहिल्या दिवशीच सांगून ठेवा म्हणजे ऐनवेळी रडारड होत नाही.

गाणं कापणं आणि वाटणं

मूळ गाणं पाच मिनिटांचं असलं तरी तुमचं तीन मिनिटांचं हवं. ९० च्या लयीत हा आराखडा चालतो: सुरुवातीला कॉर्डचे ४ बार, मुखडा दोनदा मिळून १६, पीस ४, एक अंतरा १२, मुखडा ८, पुन्हा पीस ४, शेवटचा मुखडा दोनदा १६ आणि शेवट २. एकूण ६६ बार, म्हणजे २ मिनिटं ५६ सेकंद. दुसरा अंतरा गाळला तर प्रेक्षकांना कळतही नाही आणि गाणाऱ्याला पाठ करायच्या अंतऱ्याच्या ओळी निम्म्या होतात.

पीस हा गाण्यातला सगळ्यात धोक्याचा भाग, कारण तिथे गाणारं कुणी नसतं आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मूळ पीस अवघड असेल तर तो सोडून द्या आणि कीबोर्डवर एका बोटाने मुखड्याचीच चाल चार बार वाजवा. तेही जमत नसेल तर चार बार नुसता ठेका आणि टाळ्या. चालतं.

दोन गिटार असतील तर दोघांना एकच काम देऊ नका. कच्च्याने प्रत्येक बारच्या 'एक'वर एकच खालचा स्ट्रोक देऊन तार घुमू द्यायची, पक्क्याने पूर्ण स्ट्रमिंग करायचं. कीबोर्डने तीन बोटांची कॉर्ड धरून ठेवायची, बेसने कॉर्डच्या नावाचाच सूर वाजवायचा. शेवट आधी ठरवा. हळूहळू विरत जाणारा शेवट रेकॉर्डिंगमध्ये छान वाटतो, स्टेजवर पाच मुलं पाच वेळा थांबतात. शेवटच्या शब्दावर सगळ्यांनी एकदम कॉर्ड मारायची आणि हाताने तार दाबून थांबायचं.

जागेचाही विचार करा. पत्र्याचं छप्पर आणि फरशी असलेल्या हॉलमध्ये आवाज घुमतो. तिथे भरभर शब्दांचं गाणं कालवल्यासारखं ऐकू येतं, आणि ड्रमसेट गाणारीला गिळून टाकतो. कहोन घ्या, लय थोडी उतरवा. उघड्या मैदानावर उलटं होतं: नुसत्या लाकडी गिटारचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही जात नाही, तिला पिकअप किंवा स्वतंत्र माइक हवाच. मंडपवाल्याकडे किती माइक आहेत ते गाणं ठरवण्याआधी विचारा. दोनच असतील तर चौघांच्या गाण्याचा बेत सोडून द्या.

शाळेच्या कार्यक्रमात विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी पालकांसमोर गाणं सादर करायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. त्याचा व्हिडिओ यूट्यूबवर चढवणं त्यात येत नाही. तिथे दुसऱ्याच्या गाण्यावर दावा लागून व्हिडिओ अडू शकतो. हक्क संपलेल्या कवितेला स्वतः चाल लावली असेल तर ही अडचण राहत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी प्रत्येक वाद्याशेजारी जाड पेनने लिहिलेला एक कागद चिकटवा. गिटारच्या कागदावर कॅपो कितीवर आणि कॉर्डचा क्रम. कीबोर्डच्या कागदावर ट्रान्सपोजचा आकडा, आणि दोन गाणी असतील तर दुसऱ्यासाठी तो किती करायचा तेही. पहिल्या गाण्याचा प्लस वन तसाच राहिला तर दुसरं गाणं पहिल्या कॉर्डपासून बेसूर होतं, आणि स्टेजवर त्याचं कारण कुणाला सापडत नाही. कहोनच्या कागदावर लयीचा आकडा आणि किती मोजून सुरू करायचं ते. फोन सायलेंट करून मेट्रोनोमचा नुसता लुकलुकणारा दिवा कहोनवाल्याच्या पायाशी ठेवा. सुरू करायच्या आधी त्याने आठ ठोके त्याकडे बघायचं, मग चार मोजायचे.